माझ्या रेघेवरून न वाहिलेली भुरकी

मोजणीदार म्हणून नोकरी केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर लोक एकच प्रश्न विचारतात. "मग काय काय मोजलं?" मी सांगतो, गहू मोजला, हरभरा मोजला, भुईमूग मोजला आणि एकदा एक नदी मोजली. गहू-हरभऱ्याचं कोणाला काही वाटत नाही, पण नदी म्हटलं की समोरचा खुर्ची पुढे ओढतो. मोजमाप बरोबर आलं होतं का, हे मात्र आजवर कोणी विचारलं नाही. ते चुकलं होतं. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "नोकरीतलं काहीतरी लिहा" म्हटलं, तेव्हा मला गहू आठवला नाही, ती नदीच आठवली.

आधी मोजणीदार म्हणजे काय ते सांगतो, कारण लोहारा गावातल्या माझ्या शेजाऱ्यांना मी सोनं मोजत होतो असं वाटतं. धरणाच्या कालव्याचं पाणी कोणाच्या किती शेताला गेलं, ते साखळी टाकून मोजायचं, एवढंच काम. शेतकरी म्हणणार, एकच एकर ओललं जी. पाहावं तर तीन एकर गहू डोलतो आहे. मग बांधावर बसून चहा घ्यायचा आणि दोघांनी मिळून दीड एकरावर यायचं. यात शास्त्र थोडं आणि ओळखदेख फार. धरणाचं आणि खात्याचं नाव मी सांगणार नाही. पेन्शन तिथूनच येते.

आता नदी. तिचं नाव भुरकी. कोणत्याही भूगोलाच्या पुस्तकात ती सापडणार नाही. सागवानाच्या एका टेकडीखालून ती निघते, मुरमाड माळावरून येताना भुरकट रंग घेते आणि तीन गावं ओलांडून आमच्या धरणाच्या तलावात शिरते. वरच्या गावात तिला नाला म्हणतात, मधल्या गावात नदी आणि तलावाकाठच्या वरुडखेडला नुसतं "पानी". नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं आपल्याकडे म्हणतात. भुरकीचं मूळ कोणी विचारलंही नाही. सगळा घोळ झाला तो तिच्या मुखापाशी.

शाळेत शिकवतात की नदी सागराला मिळते. सागर बिचारा जागचा हलत नाही, म्हणून ते शिकवणं सोपं आहे. धरणाचा तलाव मात्र हलतो. पावसाळा संपता संपता तो तुडुंब भरला की नदीच्या अंगावर चढत पार वरुडखेडच्या पुलापर्यंत येतो. मग कालवे सुटतात, तलाव मागे सरकू लागतो आणि नदीला त्याच्या मागे मागे चालत जावं लागतं. म्हणजे भुरकीची लांबी दिवाळीला वेगळी आणि होळीला वेगळी. आमच्या नोंदवहीत लांबीचा रकाना एकच होता.

नदी तलावात शिरली की तिचा वेग संपतो आणि हातातला गाळ ती तिथेच टाकते. वर्षानुवर्षं असा गाळ पडून मुखापाशी पंख्यासारखी पसरट जमीन तयार होते. तलाव ओसरला की ती उघडी पडते. लोण्यासारखी जमीन, खत नको की नांगर नको. तिच्यावर जे पीक घेतात त्याला गाळपेर म्हणतात. धरणात ज्यांची शेतं गेली त्यांना खातं या जमिनीचे तुकडे दरवर्षी पेरायला देतं. तुकडे द्यायचे तर नकाशा लागतो आणि नकाशात नदीची जागा मोकळी सोडावी लागते, कारण नदीपात्रात पेरायला कायद्याने मनाई आहे.

मी नोकरीला लागलो तेव्हा हा नकाशा नव्हता. आमच्या त्या वेळच्या साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "वानखडे, तुम्ही मोजणीदार ना? मग जा, नदी मोजून आणा." मी म्हटलं, साहेब, मी पिकं मोजतो. ते म्हणाले, "पीक वाऱ्याने हलते तरी मोजता. नदी त एका जागी असते." यवतमाळचा मे महिना होता. दौलत नावाचा खलाशी, म्हणजे खात्याचा मदतनीस, साखळी घेऊन माझ्यासोबत होता. आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि डोक्यावरचा दुपट्टा काढून हातात धरला तर हाताला चटका बसत होता.

तिथे पाहतो तर नदीच नाही. एका बाजूला काटेरी झुडपं आणि कोरडी वाळू, दुसऱ्या बाजूला टरबूज-डांगराच्या वाड्या. आणि वाड्यांच्या मधून, तलावातून सरळ आत आलेला, चांगला छातीभर खोल पाण्याचा एक पट्टा. जिथे पाणी ती नदी, असा माझा साधा हिशोब. पाण्याची दिशा पाहायला मी बाभळीचा पाला टाकला. तो तलावाकडून आत, डोंगराच्या दिशेने निघाला. मला जरा चमत्कारिक वाटलं, पण मोजणीदाराने दिसेल ते लिहावं, या शिस्तीने मी बाण तसाच काढला. पट्टा एका डिझेल इंजिनापाशी संपत होता. तिथपासून पुलापर्यंत काही दिसेना, म्हणून तेवढी रेघ मी तुटक मारली. नकाशाच्या भाषेत तुटक रेघ म्हणजे "असावी".

कचेरीत आरेखकाने शाई चढवताना तुटक रेघ सलग करून टाकली. सलग रेघ म्हणजे "आहे". साहेबांनी नकाशा पाहिला आणि विचारलं, "वानखडे, तलावातून नदी डोंगरावर चढते काय?" मी म्हटलं, पाला तसाच गेला, साहेब. ते म्हणाले, "पाला चुकला असन." त्यांनी लाल पेन्सिलीने बाण उलटा केला आणि खाली सही केली. बाण दुरुस्त झाला, त्यामुळे नकाशा तपासलेला आहे याबद्दल पुढे कोणाला शंका उरली नाही.

ती नदी नव्हती, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तो चर होता. उन्हाळ्यात तलाव लांब गेला की वाडीवाले गाळातून चर खोदून पाणी आपल्या इंजिनापर्यंत आणतात. इंजिन पाणी ओढतं, म्हणून पाला आत जातो. हे वरुडखेडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी कोणाला विचारलं नाही. विचारायला तिथे माणसं होती.

खरी भुरकी मला सहा-सात महिन्यांनी भेटली. गाळपेरीचे तुकडे पाडायला आम्ही थंडीत गेलो, तर माझ्या रेघेपासून चांगली तीनशे पावलं पूर्वेला, त्याच कोरड्या वाळूतून, ती खळाळत तलावात शिरत होती. मी दौलतकडे पाहिलं आणि दौलतने आभाळाकडे.

"साहेब, नदी इकडे सरकली वाटते," तो म्हणाला.

"सरकली नाही रे. इथंच होती."

"मंग सांगून द्या ना मोठ्या सायबाले."

"सांगू," मी म्हटलं. त्या "सांगू"वर मी जवळजवळ सगळी नोकरी काढली.

गंमत अशी की चुकीच्या नकाशाने कोणाचं काही अडलं नाही. कागदावर नदी वाडीतून वाहत होती आणि वाडीत टरबुजं पिकत होती. खरी नदी जिथून वाहत होती, तो कागदावरचा सतरा नंबरचा तुकडा होता. तो तालुक्याच्या एका भाऊसाहेबांना मिळाला. भाऊसाहेबांनी तिथे कधी पाय ठेवला नाही, पण दरवर्षी न चुकता त्यांचा अर्ज यायचा की सतरा नंबरमधलं पीक नदीच्या पाण्याने वाहून गेलं. पंचनाम्याला मी जायचो. तुकड्यातून नदी वाहते आहे आणि पीक दिसत नाही, असं मी लिहायचो, आणि त्यात एक अक्षर खोटं नसायचं. भाऊसाहेब मला "सच्चा माणूस" म्हणायचे.

पुढे फोनवर नकाशे आले. एक नवीन अधिकारी फोन हातात घेऊन काठावर उभे राहिले. फोनमध्ये भुरकी जिथे होती, तिथेच समोर ती होती. ते एकदा फोनकडे पाहत, एकदा नदीकडे, एकदा आमच्या नकाशाकडे. शेवटी म्हणाले, "फोनमधला फोटो जुना असेल." समोरच्या नदीबद्दल ते काही बोलले नाहीत. मी "असेल, साहेब" म्हटलं.

ज्या वाडीतून माझी रेघ गेली होती ती हसीनाभाभींची. वाडी मूळची त्यांच्या सासऱ्यांची, मग त्यांची. नवरा रशीदभाई इंजिनाचे मिस्त्री. आसपासच्या गावांत मोटार किंवा पंप बंद पडला की लोक आधी त्यांचं नाव घेत आणि मग देवाचं. वाडी भाभी पाहायच्या. वाळूगाळात आळी करायची, शेणखत भरायचं, बी टोचायचं, वेलाखाली पाचट अंथरायचं. कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवू दिलं नाही कधी त्यांनी कोणाला. बोट दाखवलं की फळ सडतं, अशी वाडीवाल्यांची पक्की समजूत. दाखवायचंच तर बोट मोडून दाखवायचं.

माझ्या निवृत्तीला चार महिने होते तेव्हा नदीपात्रातली अतिक्रमणं काढण्याचा हुकूम आला. नकाशे उघडले गेले. भाऊसाहेबांनी नदीला पीक म्हणून दाखवलं ते कोणाला दिसलं नाही, आणि भाभींनी टरबुजं लावली ती भुरकीच्या मधोमध सापडली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. एक कारकून पंचनाम्याला गेला आणि एकेका फळाकडे बोट करून मोजू लागला. भाभींनी त्याचं बोट धरून मोडलं, म्हणजे दुमडलं. त्याने "कामात अडथळा" असं लिहून आणलं. नोटीस निघाली, सात दिवसांत वाडी खाली करा. फळं तेव्हा नारळाएवढी झाली होती.

भाभी कचेरीत आल्या त्या मोठ्या साहेबांकडे न जाता थेट माझ्या टेबलापाशी. नोटीस प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवली होती.

"साहेब, हे पाहा बरं. यात लिवलं हाय का मी नदीत बसून हाय. नदीत असती त मी आतापावतर बुडाली नसती काय?"

"भाभी, अर्ज करा," मी म्हटलं.

"अर्जात काय लिवू?"

"लिहा, की तुमची वाडी नदीपात्रात नाही."

"ते त तुमाले बी दिसते ना जी. एक महिना थांबा म्हना फक्त. फळ उतरू द्या. आन् ते नदीचं नाव वाडीवरून काढून टाका म्हना, नाई त पुढच्या साली पुन्हा हेच." त्यांनी नोटीस माझ्यापुढे सरकवली. "तुमी सांगा ना, साहेब. तुमी सांगतलं त होते."

मी "पाहतो" म्हटलं. त्या संध्याकाळी घरी बसून मी कागदावर लिहिलं की मूळ मोजणीत माझ्याकडून चूक झाली, चराला मी नदी समजलो, नकाशा दुरुस्त व्हावा. चार ओळी लिहायला मला एवढी वर्षं लागली होती. लिहून झाल्यावर बरं वाटलं.

आमचे शेवटचे साहेब वयाने माझ्या मुलाएवढे आणि माणूस म्हणून चांगले. त्यांनी कागद वाचला आणि दार लोटून घेतलं.

"वानखडेजी, हे कायले लिहिता? चौकशी लागली की तुमची पेन्शनची फाइल अडकली समजा. चूक झाली असं नका लिहू. नदीने पात्र बदललं, असं लिहा. नद्या बदलतातच. बाईची वाडीही वाचते आणि तुम्हीही."

"पण साहेब, नदी तर तिथंच होती."

"नदी काय तक्रार करायला येते?"

मी माझा कागद माझ्याच हाताने फाडला आणि दुसरा लिहिला. खरं सांगतो, तेव्हा मला लाज वाटली नाही, हायसं वाटलं. नोटीस थांबली. मी स्वतः वाडीवर जाऊन भाभींना सांगितलं, आता काळजी नाही.

"काय लिवलं मंग?" त्यांनी विचारलं.

"लिहिलं, नदीने पात्र बदललं."

"नदीनं बदललं?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पाचट सारू लागल्या. त्यांना आनंद झालेला दिसेना, याचं मला जरा वाईटच वाटलं. एवढी धावपळ केल्यावर माणूस चहा तरी विचारतो.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हा नियम ज्याला काम लवकर व्हायला नको असतं, नेमका त्याच्याच वेळी मोडतो. माझा कागद साहेबांकडून वर गेला. वर कोणाच्या तरी टेबलावर एक योजना कामाची वाट पाहत पडली होती. पात्र बदललेल्या नद्यांना मूळ पात्रात आणण्याची. आता पात्र बदललेली नदी शोधायला कोण हिंडणार? इथे तर एका अनुभवी मोजणीदाराने सहीनिशी लिहून दिलं होतं. तीन आठवड्यांत मंजुरी आली. मूळ पात्र कोणतं, तर नकाशात दाखवलेलं. नकाशा कोणाचा, तर माझा.

मोठं खोदकामाचं मशीन वरुडखेडला आलं. नारळ भाऊसाहेबांनी फोडला, कारण त्यांच्या सतरा नंबरमधून नदी आता निघून जाणार होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "वानखडेजी, आखणी करून द्या." मी चुन्याची फक्की घेतली आणि माझ्या जुन्या रेघेवरून, टरबुजाच्या वेलांवरून, पांढरी रेघ ओढत गेलो. तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. तोंड उघडायला हवं होतं. माझी पेन्शनची फाइल त्या आठवड्यात वर गेलेली होती, आणि मी फक्की ओढत राहिलो.

भाभी आणि चार बाया पिकली-न पिकली फळं तोडून गाडीत भरत होत्या. मशीन वाडीच्या तोंडाशी आलं आणि बंद पडलं. डिझेलच्या नळीत हवा धरली होती. चालवणारा पोट्टा परमुलखातला, त्याने गावात मिस्त्री विचारला. गावाने अर्थातच रशीदभाईंचं नाव सांगितलं.

रशीदभाई आले. ताडपत्री अंथरली. एकेक नळी सोडवली, फुंकर मारून पाहिली, पुसली आणि ओळीने मांडली. गाळणी धुतली. वाळवली. पुन्हा धुतली. ठेकेदार घायकुतीला आला.

"मिस्त्री, किती वेळ लावून राह्यले?"

"मशीन तुमची महागाची हाय, साहेब," रशीदभाई म्हणाले. "घाई केली अन् काई झालं, त मले बोल लागन."

मी जन्म इंजिनांच्या शेजारी काढला आहे. हवा काढणं हे दहा मिनिटांचं काम. रशीदभाईंनी त्याला सकाळपासून दिवस कलेपर्यंत वेळ लावला. शेवटची गाडी भरून काठावर चढली, भाभींनी पदराने तोंड पुसलं, तेव्हा त्यांनी नळ्या जोडल्या आणि मशीन पहिल्या झटक्यात सुरू करून दिलं. मजुरी विचारली तर नको म्हणाले. मी त्या माणसाला तिथल्या तिथे सलाम केला असता, पण माझ्या हातात फक्कीचं घमेलं होतं.

नवं पात्र खोदून झालं. ते मोजून वहीत लिहिणं हे माझं नोकरीतलं शेवटचं काम. इंचभर इकडेतिकडे नाही, एवढं अचूक मोजमाप मी कधी घेतलं नव्हतं. खाली "नदी मूळ पात्रात आणली" असं लिहून सही केली, हारतुरे घेतले आणि घरी आलो.

पावसाळ्यात भुरकी आली ती आपल्या जुन्या वाटेने, सतरा नंबरमधून. नव्या पात्रात तलावाचं पाणी उलटं शिरलं, गाळ बसला आणि पावसाळा सरता सरता ते बुजून गेलं. कागदावर मात्र ते आता नुसतं नदीपात्र राहिलं नाही, सरकारने खर्च करून आणलेलं नदीपात्र झालं. तिथे बी टोचायलाही बंदी. भाऊसाहेबांचा अर्ज त्या वर्षीही आला, असं ऐकतो.

मी पुन्हा त्या चार ओळी लिहिल्या. चूक माझी, नदीची नाही. पहिली पेन्शन जमा झाल्यावर लिहिल्या, हेही सांगून टाकतो. कचेरीत आवकचा शिक्का मिळाला आणि दोन महिन्यांनी उत्तर, की सेवानिवृत्त कर्मचाऱ्याच्या म्हणण्यावरून नकाशात बदल करण्याची तरतूद नाही. ते उत्तर खिशात घालून मी वरुडखेडला गेलो. थंडीचे दिवस होते, बी टोचणी चालली होती. भाभी पलीकडच्या काठाला भेटल्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पहिली रेघ, पाला, दौलत, फाडलेला कागद.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मले मालूम हाय जी."

"काय मालूम आहे?"

"त्या दिशी मी चराच्या काठाले भांडे घासत व्हती. नवी नवरी व्हती, परक्या मानसासंग बोलता येत नव्हतं. तुमी चरात पाला टाकला अन् कागदावर नदी काढली, ते पाह्यलं ना म्या. मनून त नोटीस घेऊन तुमच्यापाशी आलती. मोठ्या सायबापाशी नाई गेली."

"मग तेव्हाच का नाही म्हणालात?"

"तुमची चूक मी कायले सांगू, साहेब? मले वाटलं, तुमीच सांगसान."

त्यांनी पदर खोचला, बियांची पिशवी उचलली आणि पुढच्या आळ्यापाशी जाऊन बसल्या. ती वाडी दुसऱ्याची होती, त्या तिथे रोजाने कामाला येत होत्या.